जुनी लाकडी खुर्ची विकायची आहे. तिचं वर्णन नेमक्या शब्दांत कसं करावं?

'सुंदर, मजबूत, आरामदायक लाकडी खुर्ची' असं तुम्ही लिहिलंत आणि आता जो तो विचारतोय, 'पण आहे कशी?' विचारणारच की! 'खुर्ची' हा शब्द काढला, तर तो पलंग आहे की कपाट, हेही त्यातून कळायचं नाही.

मी जुन्या खुर्च्या दुरुस्त करतो. फोनवर लोक सांगतात, 'खुर्ची हलते.' आता मी बरोबर काय घेऊ, करवत की सरस? 'हलते' या एका शब्दात निदान तीन वेगळी दुखणी दडलेली असतात आणि तिन्हींसाठी आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहेत. खुर्ची डुगडुगते, म्हणजे सांधे ठीक आहेत, पण एखादा पाय आखूड पडलाय. बसलेला माणूस जरा कलला की टक्‌ आवाज होतो. खुर्ची खिळखिळी झाली, म्हणजे सांध्यांतला सरस सुटलाय. पाठ धरून ढकलली तर चारही पाय जमिनीवर राहतात आणि सांगाडा मात्र एका अंगाला झुकतो. आणि लचकते, म्हणजे वजन पडलं की वाकते, उठलं की पुन्हा पहिल्यासारखी. हा दोष असेलच असं नाही. १९२०च्या दशकात पोलादी नळीच्या, मागचे पायच नसलेल्या खुर्च्या निघाल्या, त्यांचं तर सगळं सुख त्या लचकण्यातच आहे. कुरकुरणं हे वेगळं दुखणं नव्हे. बहुतेक वेळा ती खिळखिळी होण्याआधीची वर्दी असते.

डुगडुगण्याबद्दल एक सांगतो, कारण इथे खुर्चीवर फार अन्याय होतो. ती जागच्या जागी पाव फेरा फिरवून पाहा. पुन्हा तोच पाय अधांतरी राहिला तर दोष खुर्चीचा; आता दुसराच पाय उचलला गेला, तर दोष फरशीचा. तीन पायांच्या तिवईला ही भानगडच नाही. जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय एकदमच टेकतात. तिवई तिरकी उभी राहील, पण डुगडुगणार नाही.

सांधे कसे जोडलेत तेही लिहा. सरसाने, खिळ्यांनी की स्क्रूने? घेणाऱ्याच्या दृष्टीने हे 'मजबूत'पेक्षा कितीतरी कामाचं. लाकडी फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची वाफेवर वाकवलेल्या लाकडाची. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. अशी खुर्ची ढिली झाली तर आधी स्क्रू आवळून बघता येतो. सरसाची असेल तर सांधा उघडा, जुना सरस खरवडा, नवा लावा, शिकंज्यात आवळून ठेवा. आणि साच्यात एकसंध ओतलेली प्लॅस्टिकची खुर्ची? तिला सांधाच नाही, त्यामुळे ती खिळखिळी होत नाही. ती थेट तडकते.

'आरामदायक' तर काढूनच टाका. जेवायला बसायचा आराम वेगळा, पेंगायचा वेगळा. त्यापेक्षा एवढंच ठरवा, की तुमच्या खुर्ची'वर' बसतात की खुर्ची'त'? स्टुलावर आणि बाकावर आपण 'वर'च बसतो. आरामखुर्ची'त' बसतो, कारण तिची पाठ आणि हात आपल्याला कवेत घेतात. मग पाठीचं बघा. नुसती टेकता येते की रेलताही येतं? टेकणारा ताठ असतो, रेलणारा निम्मा झोपेत. शब्द 'खुर्ची' अरबी 'कुर्सी'वरून आला असेल, पण हात, पाय, पाठ, बैठक हे तिचे अवयव आपण आपल्याच भाषेतले दिलेत. मग तिच्याबद्दल बोलताना सरळ देहाची क्रियापदं वापरायला काय हरकत आहे?

बैठकीत वेत असेल तर तो ताणलेला आहे, झोळ आलाय की तुटलाय, ते स्पष्ट सांगा. स्पंज असेल तर चेपलाय का तेही. (लोक नेमकं हेच लपवतात आणि बसल्याक्षणी पकडले जातात.) बैठकीची जमिनीपासूनची उंची, रुंदी आणि पुढून मागची खोली सेंटिमीटरमध्ये द्या. टेबलाशी बसायची खुर्ची साधारण ४५ सेंमी उंच असते. तुमची ३८ भरली, तर घेणाऱ्याची हनुवटी ताटाशी येईल.

तुमची खुर्ची मी पाहिलेली नाही, पण मजकूर साधारण असा जमेल: 'हाताची लाकडी खुर्ची. बैठक ४४ सेंमी उंच, ४८ रुंद, ४२ खोल. पाठ किंचित मागे कललेली, उभ्या पाच पट्ट्यांची. वेत शाबूत, मधोमध थोडा झोळ. सांधे सरसाचे, डावा हात कुरकुरतो, बाकी घट्ट. सपाट फरशीवर डुगडुगत नाही.' आकडे आणि खोडी तुमच्या खुर्चीच्या घाला. एक फोटो खुर्ची उलटी करून काढा, सांधे तिथेच दिसतात.