वय ६८, परवान्यावर दोन बंदुका, मुलगा परदेशात: विकू की ठेवू?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वाशीला राहता, वय ६८. परवान्यावर दोन शस्त्रं आहेत. एक वडिलांची इंग्लिश बनावटीची बारा बोअर दुनळी, दुसरी शहापूरकडे शेती होती तेव्हा तुम्ही स्वतः घेतलेली .३१५ रायफल. शिवाय भिंतीवर आजोबांची ठासणीची बंदूक, ‘जी बंदच आहे’. शेती विकली, मुलगा कॅनडात, मुलगी नेरुळला. आता विकू की ठेवू?

माझं मत आधीच सांगते. रायफल विका. बारा बोअर मुलीला मनापासून हवी असेल तर तिच्या नावावर करायला घ्या, नको असेल तर तीही विका. आणि जे कराल ते तुमच्या हयातीत, हातपाय चालताहेत तोवर करा. ठासणीच्या बंदुकीचं वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

मी ठाण्यात राहते. वडिलांची बारा बोअर आज माझ्या परवान्यावर आहे आणि त्यांची रायफल आम्ही विकली. आमची शेती मुरबाडकडे होती. शेतीसंरक्षणासाठी घेतलेली शस्त्रं शेती गेल्यावरही घरात राहतात, हे मी आमच्याकडे आणि आजूबाजूलाही पाहिलंय. म्हणून तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले.

हयातीत करा असं का म्हणते, ते ऐका. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. परवानाधारक गेला की घरात उरलेली बंदूक कायद्याच्या नजरेत विनापरवाना होते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. ठरलेल्या मुदतीत वारसांनी ती सोडवून घेतली नाही किंवा विकली नाही, तर सरकारजमाही होऊ शकते. हे सगळं कधी करायचं, तर दिवसकार्य चालू असताना. बाबा गेले तेव्हा आमच्याकडे हेच झालं. घरी माणसांची ये-जा, आई सुन्न बसलेली, आणि भाऊ आणि मी कपाट उघडून परवान्याचं पुस्तक शोधतोय. बंदूक कुठे आहे हे आम्हाला ठाऊक होतं, काडतुसं कुठे कुठे आहेत हे नव्हतं. गोदरेजच्या लॉकरमध्ये एक डबा मिळाला, तो बंदुकीबरोबर जमा केला. काही महिन्यांनी बाबांचा जुना रेनकोट बोहारणीला देण्यासाठी काढला, तर त्याच्या खिशात लाल पुठ्ठ्याची दोन काडतुसं, पितळी बूड हिरवं पडलेलं. आई ती पाहून थरथरायला लागली. काडतुसालाही परवाना लागतो, बंदूक जमा केली म्हणून सुटलो असं होत नाही. ती दोन काडतुसं अर्जासोबत वेगळी जमा केली तेव्हा कुठे तिला झोप लागली. तुमच्या मुलीवर ही वेळ येऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं.

आता रायफल. .३१५ चा पल्ला लांबचा, गोळी दूरवर जाते, वाशीच्या सोसायटीत तिला काही काम नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली, शेती तुम्ही विकलीत, म्हणजे ज्या कारणासाठी ती घेतली ते कारणच उरलं नाही. क्ले पिजनसारख्या (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याच्या) खेळात बारा बोअर तरी चालते, या रायफलला तसा खेळही जवळपास मिळायचा नाही. तिच्यात तुमच्या शेतावरच्या रात्री आहेत हे मला कळतं, पण त्यासाठी नूतनीकरण, तपासणी, निवडणुकीत जमा करणं हे सगळं वयाच्या सत्तरीत अंगावर घ्यायची गरज नाही. २०२४ मध्येच आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. जमा करण्याचा हुकूम आला की बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात जायचं, पावती जपायची, आचारसंहिता संपली की पुन्हा आणायला जायचं.

अजून एक हिशोब आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. वारसाहक्काने आलेलं शस्त्रही या दोनातच मोजलं जातं. भिंतीवरची ठासणीची बंदूक ‘शस्त्र’ ठरली, तर तुमच्याकडे आज तीन होतात. रायफल गेली की ही गाठही थोडी सैल होते.

विकण्याचे दोन रस्ते आहेत. एक, परवानाधारक विक्रेत्याला द्यायची. दुसरा, परवाना असलेल्या माणसाला थेट विकायची. थेट विकताना घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून परवाना प्राधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. नवी मुंबई आणि ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने इथे परवान्याचं काम आयुक्तालयात चालतं, तुमचं बेलापूरला. ग्रामीण भागात ते जिल्हाधिकारी कार्यालयात असतं. तुमचा मूळ परवाना शेतीच्या पत्त्यावर निघाला असेल, तर तो वाशीच्या पत्त्यावर रीतसर वर्ग झालाय का आणि त्यावर युआयएन (परवान्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) पडलाय का, हे पहिल्यांदा बघा. व्यवहार झाल्यावर दोन्ही पुस्तकांत नोंद झालेली डोळ्यांनी पाहा आणि तुमच्या पुस्तकातून ती रायफल कमी झाल्याशिवाय फाइल बंद करू नका. उरलेली काडतुसं तिच्यासोबतच द्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधू नका, कोण वाचतंय आणि तुमचं घर कुठे आहे हे कोणाला कळतंय, सांगता येत नाही.

किमतीबद्दल मोठी आशा धरू नका. ऐंशीच्या दशकात खाजगी आयात बंद झाल्यामुळे जुन्या परदेशी शस्त्रांचा भाव वधारला हे खरं, पण ते मुख्यतः रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं. लांब नळीच्या बंदुकीला गिऱ्हाईक कमी. एका विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नका, दोघा-तिघांना दाखवा. आम्हाला पहिल्या दुकानात इतकी कमी किंमत सांगितली की भाऊ चिडून उठला. शेवटी रायफल गेली ती एका शेतकऱ्याकडे, त्याच्याकडे रानडुकरांचा त्रास होता. बाबांना हे आवडलं असतं. पैसे थोडे कमी मिळाले तरी घेणारा आपण निवडला, याचं समाधान आजही आहे.

बारा बोअरचं मात्र घाईने ठरवू नका. आधी ती नीट पाहा. रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, लाकडी पुढचा तुकडा काढा, नळ्या वेगळ्या करा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आत पाहा. आत आरशासारखी चकाकी असेल तर उत्तम. काळे ठिपके दिसले तर गंजाने खड्डे पाडलेत, गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी कधीतरी फुगलीय किंवा दबलीय. नळीवर बाहेरून कापडासारखी नागमोडी नक्षी असेल, तर ती दमास्कस नळी, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस कधीही घालू नये. नळीच्या पोटाकडे ठसे असतात. तिथे ‘नायट्रो’ (म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली) असं आहे का आणि कोठीची, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाची, लांबी अडीच इंच लिहिलीय का ते वाचा. अडीच इंची कोठीत ७० मिलिमीटरचं नवं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब वाढतो. मग बंदूक बंद करून बिजागरीपाशी हलकेच हलवा, खुळखुळ जाणवली तर सांधा झिजलाय. हे जाणकार बंदूकदुरुस्तीवाल्याकडूनही तपासून घ्या. आपल्या खाडीकाठच्या हवेत चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक एका पावसाळ्यात तांबूस होते. म्यान वेगळं, बंदूक तेल पुसून वेगळी, हे आत्तापासूनच करा.

मग मुलीला विचारा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव देऊ शकतो. बारा बोअर तुमच्या परवान्यावर २५ वर्षांहून जुनी असेल, तर सत्तरीची वाट बघायला नको. मुलीला स्वतंत्र अर्ज, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण हे सगळं करावं लागेल. मुलगा तिकडचा नागरिक झाला असेल तर त्याचा विचार सोडा. नातेवाइकांत ‘मुलीला कशाला बंदूक’ असा सूर निघेल, आमच्याकडेही निघाला होता. त्याकडे लक्ष देऊ नका.

पण तिला एकटीला, सवडीने विचारा. ‘आजोबांची आठवण आहे’ हे वाक्य त्यात घालू नका, नाहीतर ती तुमच्याखातर हो म्हणेल. तिच्या फ्लॅटमध्ये भिंतीला पक्कं बसवलेलं कपाट होईल का, घरात लहान मुलं आहेत का, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला ती जाईल का, आणि जावयांना हे मान्य आहे का, हे बोला. तिच्या घरात किंवा तुमच्या घरात कोणी खचलेलं असेल, दारूच्या नादात असेल किंवा विसरभोळेपणा वाढत असेल, तर मग मुलीचा होकारही पुरेसा नाही. तशा घरात बंदूक एक दिवससुद्धा ठेवू नये, विक्रेत्याकडे जमा करून मग पुढचं ठरवावं. हे मी भीती घालायला लिहीत नाही. बंदुकीच्या बाबतीत एका क्षणाला दुसरी संधी मिळत नाही.

ठासणीची बंदूक. कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट किंवा मोडकी शस्त्रं वगळली आहेत, पण अट अशी की दुरुस्ती करूनही ती चालता कामा नये. तुमची ‘बंदच आहे’ म्हणजे काय? चाप गंजलाय, की नळीच कायमची बुजलीय? चाप दुरुस्त होतो, म्हणजे ती सूट तुम्हाला लागू होईलच असं नाही. विनापरवाना अग्निशस्त्राला २०१९ नंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, तेव्हा हा निर्णय आपण घरी बसून घेऊ नये. फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला आधी दाखवा, त्याच्यामार्फत परवाना शाखेला लेखी अर्ज द्या, आणि जे उत्तर येईल ते लेखीच घ्या. स्वतः नळीत शिसं ओतणं, ड्रिल मारणं असलं काही करू नका. शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तूंचे नियमही लागू होऊ शकतात, त्यामुळे ती कॅनडाला पाठवायचा विचार असेल तर तोही वकिलाला विचारल्याशिवाय नको.

क्रम विचाराल तर ठासणीचा अर्ज सगळ्यात आधी, मग रायफल, आणि बारा बोअरला मुलीच्या उत्तरापर्यंत वेळ द्या. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर तो अर्ज मात्र यातल्या कशासाठीही थांबवू नका. मुदत संपली तर दोन्ही शस्त्रं जमा करावी लागतील आणि विक्रीही अडकेल.