जुने छोटे वॉशिंग मशीन घेताना

भाड्याच्या खोलीसाठी सहज हलवता येईल असे जुने, छोटे मशीन घेण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. मात्र पहिल्या खरेदीत बहुतेक जण रंग, कंपनी आणि किंमत पाहतात, पण मशीन पाणी भरून चालवून पाहत नाहीत आणि हीच चूक सर्वांत महागात पडते.

विक्रेत्याच्या घरी धुण्याच्या टबात पाणी आणि दोन-तीन कपडे टाकून मशीन किमान 10 मिनिटे चालवा. तळाची चकती दोन्ही दिशांना फिरली पाहिजे, टायमर आपोआप शून्यावर आला पाहिजे आणि मशीनखालची जमीन कोरडी राहिली पाहिजे.

दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये ड्रायरकडे अधिक बारकाईने पाहा. ओले कपडे नीट दाबून बसवल्यानंतरही मशीन जागचे सरकत असेल किंवा मोठी घरघर होत असेल, तर दुरुस्तीचा खर्च गृहीत धरा. झाकण उघडल्यावर ड्रायर काही सेकंदांत थांबत नसेल, तर त्याचा ब्रेक निकामी आहे. असे मशीन मी फुकटही घेणार नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात:

- अशा बहुतेक मशीनना पंप नसतो, पाणी उतारानेच जाते. त्यामुळे सांडपाण्याची नळी मोरीपर्यंत खाली पोहोचली पाहिजे.
- प्लग तीन पिनांचाच हवा आणि घरात अर्थिंग हवे.
- मशीनवर लिहिलेले किलो सुक्या कपड्यांचे असतात.

टायमर किंवा नळी बिघडली असेल तर घाबरू नका, ती सहज बदलता येते.