कॅबिनेट सॉ घेताना मोटर सगळ्यात शेवटी बघा

तुमची अडचण अशी: दोन वर्षं हलक्या, उचलून नेता येणाऱ्या जॉबसाइट टेबल सॉवर (टेबलातून वर येणाऱ्या गोल ब्लेडचं करवत यंत्र) हात बसला, आता कपाटं आणि मोठी टेबलं करायची आहेत म्हणून बंदिस्त पेटीवर बसलेला जड कॅबिनेट सॉ घ्यायचाय, जागा एका गाडीच्या गॅरेजएवढी, आणि 3 एचपी की 5 एचपी यावर घोडं अडलंय. शिवाय 52 इंची रेल (फळी टेकवून ढकलायची फेन्स ज्यावर सरकते ते दांडे) घ्यावेत का आणि जुनं मशीन घेणं बरं का, असंही विचारलंत.

पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. 3 एचपी घ्या आणि तो विषय डोक्यातून काढा. माझ्या 3 एचपीच्या सॉला दम लागल्यासारखं वाटलं, त्या प्रत्येक वेळी ब्लेड तरी बोथट निघालं, नाहीतर फळीला पीळ होता. 10 इंची ब्लेड पूर्ण वर काढलं तरी सरळ कट जेमतेम 3 इंच खोल जातो, 45 अंशांवर तर सव्वादोन इंचाच्या आसपास. तेवढं टणक लाकूड लांबीत चिरायला 24 दाती धारदार ब्लेड आणि 3 एचपी पुरून उरतात. 5 एचपीची खरी गरज दिवसभर पॉवर फीडरने माल ओढणाऱ्या कारखान्याला. घरात त्यापायी वायरिंगचंच झेंगट वाढतं. 230 व्होल्टवर सिंगल फेज 3 एचपी मोटर साधारण 13-14 अँपिअर घेते, 5 एचपीची वीसच्या आसपास किंवा वर जाते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. त्याच वेळी भुसा ओढणारं मशीनही चालू असणार, हे बहुतेक जण हिशोबात धरतच नाहीत आणि मग अर्ध्या कटात ब्रेकर पडतो. सॉला स्वतंत्र लाइन, डस्ट कलेक्टरला वेगळी. इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा, मशीन नंतर. तेवढी लाइन ओढणं शक्यच नसेल तर पावणेदोन एचपीचा हायब्रिड सॉ (हलक्या सॉ आणि कॅबिनेट सॉच्या मधला) घ्यायला लाजू नका. जरा सावकाश ढकलावं लागतं, इतकंच.

आता ज्यासाठी कॅबिनेट सॉला पैसे मोजायचे, ती गोष्ट. ब्लेड, शाफ्ट आणि मोटर ज्या जाड बिडाच्या ट्रनियनवर बसतात, ते कॅबिनेट सॉमध्ये खालच्या पेटीला बोल्ट केलेले असतात. वरचं टेबल वेगळं, पेटीवर चार बोल्टांनी धरलेलं. जुन्या धाटणीच्या कॉन्ट्रॅक्टर सॉमध्ये ट्रनियन टेबलाच्या पोटाला लटकलेले असतात आणि मोटर मागे लोंबते. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. पण टेबलातल्या मायटर खाचेला (आडव्या कटाची पट्टी जिच्यात सरकते ती) ब्लेड समांतर करायची वेळ आली की कळतं. एका मशीनवर सगळा जड गोतावळा खालून, आंधळेपणाने सरकवायचा. दुसऱ्यावर बोल्ट ढिले करून टेबलाला लाकडी हातोडीने टिचक्या मारायच्या. हायब्रिड सॉमध्ये दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून हायब्रिड घेताना पेटीत डोकावून बघाच.

माझा सॉ आला तेव्हा पहिले दोन दिवस मी खुशीत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रत्येक फळीची एकच कड करपतेय. प्लग काढला, एका दातावर मार्करने खूण केली, मायटर खाचेत बसणाऱ्या पट्टीवर डायल गेज बांधला. खुणेचा दात पुढे आणून रीडिंग घेतलं, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि गेज तिथवर सरकवला. फरक 0.3 मिमी. मागची बाजू फेन्सकडे झुकलेली. दात तोच ठेवायचा असतो, नाहीतर ब्लेडचा स्वतःचा वाकडेपणा मोजला जातो. तीन बोल्ट ढिले केले, चौथा नुसता सैलसर, आणि टेबलाच्या मागच्या कोपऱ्यावर दोन टिचक्या. काटा शून्याजवळ आला म्हणून खूश होऊन बोल्ट आवळले, तर शेवटचा आवळताना टेबल परत सरकलं. तीनदा असं झाल्यावर अक्कल आली: चारही बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे आणि काट्यावरची नजर काढायची नाही. शेवटी 0.05 मिमीच्या आत आला. 0.1 पर्यंत असला तरी मी तक्रार करणार नाही. ट्रनियन पेटीला असण्याचा फायदा म्हणतात तो हा, अर्ध्या तासात काम झालं.

मग फेन्स. दुकानात गेलात की मोटरच्या पाटीकडे बघू नका, फेन्सशी खेळा. जाड चौकोनी पाइपची, टी आकाराची, फक्त पुढच्या रेलवर पकड घेणारी बीसमायर पद्धतीची फेन्स मला सगळ्यात भरवशाची वाटते. एका बोटाने सरकली पाहिजे. लॉक करून तिच्या लांबच्या टोकाला अंगठ्याने दाबा. हलली तर पुढचं काही बघू नका. मग तीन वेगवेगळ्या जागी लॉक करून दर वेळी मायटर खाचेपासूनचं अंतर पुढे आणि मागे मोजा. दोन्हीकडे सारखं, किंवा मागे केसभर जास्त, हे ठीक. मागे कमी भरत असेल तर लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांवर दाबलं जाणार, करपणार, आणि एखाद्या दिवशी अंगावर येणार.

अंगावर येण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर फूटभर लांबीरुंदीचा प्लायचा एक तुकडा खिळ्याने ठोकलेला आहे. आधीच्या सॉवर ब्लेडमागचा स्प्लिटर (चिरलेली फट उघडी ठेवणारा पत्रा) मी 'अडचण होते' म्हणून काढून ठेवला होता. कट संपायला बोटभर राहिला असताना तुकडा फेन्सपासून किंचित सुटला आणि ब्लेडच्या मागच्या अंगाला टेकला. तिथले दात खालून वर येत असतात. त्यांनी तुकडा उचलला, फिरवला आणि फेकला. मला दिसलं काहीच नाही. आवाज झाला आणि मांडीच्या वर दणका बसला. तुकड्याच्या पाठीवर कोपऱ्याकडून मधोमध गेलेली एक सुरेख कमान कोरलेली आहे, कंपासने काढल्यासारखी. ब्लेडवरून घसरत जाताना दातांनी ओढलेला तो मार्ग. 10 इंची ब्लेड मिनिटाला 4000 फेरे घेतं तेव्हा दाताच्या टोकाचा वेग ताशी 190 किलोमीटर भरतो. तीन आठवडे मी एका कुशीवर झोपलो.

म्हणून रायव्हिंग नाइफ नसलेला सॉ घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळाला तरी. स्प्लिटर एका जागी उभा असतो, रायव्हिंग नाइफ ब्लेडला चिकटून त्याच्यासोबत वर-खाली होतो आणि कलतो. त्यामुळे आरपार न जाणाऱ्या कटालाही तो काढावा लागत नाही, आणि जी गोष्ट काढावी लागत नाही तीच जागेवर राहते. त्याची जाडी ब्लेडच्या चकतीपेक्षा जास्त आणि दातांनी पडणाऱ्या चिरेपेक्षा कमी हवी. इथे एक फसगत होते: मशीनसोबतचा नाइफ बहुधा 3.2 मिमी चिरेच्या ब्लेडसाठी असतो. तुम्ही हौसेने 2.4 मिमीचं पातळ ब्लेड लावलंत तर फळी नाइफपाशी येऊन अडकते आणि माणूस वैतागून नाइफच काढून टाकतो. 3 एचपी असताना पातळ ब्लेडची गरजच काय? पूर्ण जाडीचं वापरा.

बोट लागताच ब्लेड थांबवणारे सॉ घ्यावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सॉस्टॉपचे असे सॉ 2004 पासून विकले जाताहेत. ब्लेडवर हलका विद्युत सिग्नल असतो. अंग लागलं की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसतो. सगळं 5 मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे ब्लेड एरवी एक तृतीयांश फेरा मारेल तेवढ्या वेळात. ठोकळ्याचं कार्ट्रिज जातं आणि बहुतेक वेळा ब्लेडही. ओल्या लाकडाने किंवा फळीतल्या खिळ्यानेसुद्धा ते उडू शकतं. ऐपत असेल तर जरूर घ्या, मीही पुढचा तोच घेईन. फक्त एवढं ध्यानात ठेवा की अंगावर येणारी फळी ते थांबवत नाही. त्यासाठी नाइफच हवा, आणि तुम्ही ब्लेडच्या रेषेत न उभं राहता बाजूला असायला हवं.

52 इंची रेलचं: नको. प्लायची पूर्ण शीट 2440 गुणिले 1220 मिमीची. तिचा उभा अर्धा 610 मिमी, आणि 30 इंची रेलवर 762 मिमीपर्यंत जाता येतं. 900 मिमी रुंद तुकडा हवा असेल तर उलटा विचार करा: फेन्स 317 वर लावा, 3 मिमी ब्लेड खाईल, पलीकडे 900 उरेल. आणि खरं सांगू का, तुमच्या जागेत अख्खी शीट सॉवर चढवण्याच्या भानगडीत पडूच नका. कट सुरू होण्याआधी ती पूर्ण ब्लेडच्या अलीकडे असते आणि संपल्यावर पूर्ण पलीकडे, म्हणजे पाच मीटर सरळ मोकळी पट्टी, शिवाय मागे तुम्ही उभे. एकट्याने ती फेन्सला चिकटवून ठेवणं म्हणजे कसरत. जमिनीवर जाड थर्मोकोल अंथरा, ट्रॅक सॉने (पट्टीवरून सरकणारी हातातली गोल करवत) शीटचे मोठे तुकडे करा, नेमकं माप सॉवर घ्या. लांब रेलचे वाचलेले पैसे तिकडे लावा. ट्रॅक सॉ आल्यापासून मी अख्खी शीट टेबलावर चढवलेलीच नाही.

ब्लेड डावीकडे कलणारं की उजवीकडे? डावीकडे. फेन्स बहुधा उजवीकडे असते, त्यामुळे कलता कट घेताना तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या बेचक्यात सापडत नाही. तोटा इतकाच की डॅडो (रुंद खाच पाडणारा ब्लेडांचा संच) किंवा वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलं की फेन्सची पट्टी थोडी चुकते. मी तर पट्टीवर तसाही पूर्ण विश्वास ठेवत नाही. डॅडो वापरायचा असेल तर शाफ्टची लांबी आधी विचारा, सगळ्या सॉवर तो बसत नाही. शाफ्टचा व्यासही बघून ठेवा: काही ठिकाणचे सॉ 5/8 इंचाचे, युरोपी घडणीचे बहुधा 30 मिमीचे. आवडीचं ब्लेड आणून ते न बसणं फार जिव्हारी लागतं.

भुशासाठी 4 इंची तोंड आणि बंदिस्त पेटी हवी, आणि शक्यतो ब्लेडवरच्या गार्डमधूनही ओढणारी नळी. पेटीत पडणारा भुसा दिसतो, वर उडणारा बारीक नाकात जातो. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. मास्क लावा, वाद नको.

जुनं मशीन घेणं शहाणपणाचं, पण दोन अटींवर: रायव्हिंग नाइफ असलेल्या पिढीतलं असावं, आणि चालू करून दाखवत असतील तरच. थ्री फेज मोटर निघाली तर मोटर बदलण्याचा किंवा इन्व्हर्टर ड्राइव्हचा खर्च किमतीत धरा. बेल्ट उतरवून शाफ्ट हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं. ते बदलता येतं, भाव पाडायला उपयोगी. ट्रनियनला मात्र चीर दिसली तर पाठ फिरवा. पोलादी पट्टी आडवी धरून टेबलाचा सपाटपणा बघा. वरचा गंज बघून बिचकू नका, रॉकेल आणि बारीक घासणीने तासाभरात निघतो. चाक फिरवून ब्लेड 45 अंशांपर्यंत नेऊन परत आणा. मध्येच जड झालं तर बहुधा गिअरच्या दातांत डिंक आणि भुसा थापलेला असतो, घासला की सुटतो. माझ्या एका मित्राने 'गिअर झिजलेत' म्हणून सोडलेलं मशीन दुसऱ्याने नेलं आणि ब्रश मारून चालू केलं. मित्र अजून हळहळतो.

आणि घरी आणायच्या आधी दाराची रुंदी मोजा. असा सॉ 200 ते 250 किलोचा असतो, टेबलाचे पंख काढले तरी दोघांना आवरत नाही. चाकांचा बेस त्याच दिवशी खाली घाला, एकदा जमिनीवर बसला की परत उचलायला कोणी येत नाही. सगळं जुळवून झालं की टेबलाला मेण चोळा, गंज धरत नाही आणि फळी लोण्यासारखी सरकते. मेणात सिलिकॉन नाही ना ते डब्यावर वाचून घ्या, नाहीतर ते लाकडाला लागतं आणि पुढे पॉलिशला डोळे पडतात.