आधी प्रश्न, मग अभ्यासक्रम

सोलापूर,
मे महिन्याचा पहिला आठवडा

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करावयाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची तुझी यादी वाचली. तिन्ही अभ्यासक्रम आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषय एकत्र सांधणारे, म्हणवणारे आहेत आणि तिन्ही एकदमच करण्याचा तुझा बेत दिसतो. माझे मत विचारलेस म्हणून स्पष्ट लिहितो: एकच अभ्यासक्रम घे, आणि तो घेण्याआधी स्वतःचा एक प्रश्न कागदावर उतरव. आपल्या विषयाच्या चौकटीत न सुटणारा प्रश्न हाताशी नसेल, तर दुसऱ्या विषयाची व्याख्याने नुसती कानावरून जातात.

तू वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहेस, म्हणून सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाचेच उदाहरण घेऊ. १९७९ मध्ये तिथले माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते असे सगळेच आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत जाऊन पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवण्यात आले. गवताळ माळाला पडीक जमीन समजून तिथे झाडे लावली की माळढोकाचा अधिवास बिघडतो, हे तुला तुझ्या विषयातून कळते. मात्र राखलेल्या जमिनीचा भार कोणत्या शेतकऱ्याने आणि कोणत्या मेंढपाळाने किती सोसला, हे समजायला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र लागते. हद्द कोणत्या कायद्याने आखली जाते, हे तर आणखी निराळे. शिवाय समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी वीजवाहिन्यांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान आणि गुजरातमधील त्याच्या पट्ट्यात वाहिन्या भूमिगत करण्याचे निर्देश दिले. ते अमलात आणण्यातल्या आणि सौरऊर्जेच्या विस्तारातल्या अडचणी मांडल्या गेल्यावर २०२४ मध्ये न्यायालयानेच त्यांत बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. हा पेच एकट्या प्राणिशास्त्रज्ञाला सुटणारा नाही आणि एकट्या अभियंत्यालाही नाही. असा एखादा प्रश्न मनात धरून तू यादीकडे पाहिलेस, तर पर्यावरण कायदा आणि अर्थकारण यांवरचा तिसरा अभ्यासक्रम तुझ्या कामाचा आहे आणि उरलेले दोन पुढच्या वर्षीही चालतील, हे तुझे तुलाच दिसेल.

तरीही नावावर भाळू नकोस. पुष्कळ ठिकाणी पाच विषयांचे पाच प्राध्यापक आपापले व्याख्यान देऊन जातात आणि सांधा जोडण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडून देतात. अशा अभ्यासक्रमाला आंतरविद्याशाखीय म्हणणे मला धाडसाचे वाटते. म्हणून माहितीपत्रकातले स्वाध्याय आधी वाच. एकाच स्वाध्यायात दोन विषयांच्या पद्धती वापराव्या लागतात का, शेवटचा प्रकल्प वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करायचा आहे का, वाचनात मूळ निकालपत्रे आणि शोधनिबंध आहेत की केवळ सारांश आहेत, एवढे पाहिलेस तरी निवड बरीचशी होऊन जाते.

वेळेचा हिशेब मात्र कठोरपणे कर. युरोपातील विद्यापीठांच्या श्रेयांकपद्धतीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे दोन श्रेयांकांचा तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम आठवड्याला सतरा ते वीस तास मागतो. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये दुपारी दोनला सुरू होणारा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे साडेपाचला सुरू होतो, ही सोयच आहे. वाचन पहाटे उरकावे. सोलापुरात या दिवसांत दुपारी काही गंभीर वाचून होते, यावर माझा विश्वास नाही.

शुल्काची ऐपत नसेल तर मन खट्टू करून घेऊ नकोस. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. त्याची सत्रे साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, त्यामुळे सुट्टीत तयारी करून जुलैच्या सत्राला नाव घालता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात. पण तुझा नेमका अभ्यासक्रम अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाकडून ग्राह्य धरला जाईल का, हे नाव नोंदवण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी घे. परदेशी प्रमाणपत्राचे श्रेयांक आपोआप जमा होतील, असे गृहीत धरू नकोस.

इंग्रजीतून चर्चेत बोलता येईल का, ही तुझी धास्ती मी समजू शकतो. प्रत्येक व्याख्यानानंतर पानभर टिपण मराठीत लिही आणि त्यातून विचारायचे दोन प्रश्न इंग्रजीत आधीच तयार ठेव. त्या वर्गात अर्थशास्त्र तुझ्याहून अधिक जाणणारे बरेच असतील, पण पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा माळ स्वतः हिंडून पाहिलेले फार थोडे असतील. तुझ्या गवतांच्या नोंदी तिथे पुरावा म्हणून मांड, आणि मांडताना त्या कुठल्या महिन्यातल्या आहेत हे सांगायला विसरू नकोस.

शुल्क भरण्यापूर्वी तुझा प्रश्न चार ओळींत लिहून तिसऱ्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकासह मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे. दहाच्या आत आलीस तर उन्हाचा त्रास होणार नाही.

तुझे
सर