मोहेंजोदडो पाकिस्तानात आहे, तर तिथली नर्तकीची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात कशी? भारताला ती पाकिस्तानकडे परत द्यावी लागेल का?

उत्तर:

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे की, ही मूर्ती कोणी पळवून आणलेली नाही आणि कोणी भेटही दिलेली नाही. फाळणीच्या वेळी ती दिल्लीत होती आणि त्यानंतर झालेल्या वाटणीत ती भारताकडे राहिली.

ही मूर्ती १९२६ साली मोहेंजोदडोच्या उत्खननात मिळाली. त्या वेळी सिंध हा ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता आणि उत्खनन करणारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे एकच खाते होते. निघालेल्या वस्तू प्रथम मोहेंजोदडो येथील छोट्या संग्रहालयात ठेवल्या जात असत. पुढे १९४४ मध्ये सर्वेक्षणाचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांच्या कारकिर्दीत त्यांतील सुमारे १२ हजार वस्तू दिल्लीत, क्वीन्सवेवरच्या, म्हणजे आजच्या जनपथावरच्या मध्य आशियाई पुरावस्तू संग्रहालयात हलवण्यात आल्या. एका खात्याने आपल्याच ताब्यातील वस्तू आपल्याच एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेल्या, इतकाच त्या वेळी या बदलीचा अर्थ होता. काही वर्षांत मध्ये सीमारेषा येईल आणि या साध्या निर्णयावरून दोन देश हक्क सांगतील, असे ते सामान हलवणाऱ्यांच्या मनातही आले नसावे.

फाळणीत रेल्वेचे डबे, सरकारी कचेऱ्यांतील टंकलेखन यंत्रे आणि खुर्च्यादेखील वाटल्या गेल्या, तशीच पुरावस्तूंचीही वाटणी झाली. जे संग्रहालय ज्या भूभागात आहे ते त्या देशाचे, हे साधारण सूत्र होते. पण जिथे हे सूत्र पुरेसे ठरले नाही तिथे प्रत्यक्ष मोजून वाटे घालावे लागले. लाहोरच्या संग्रहालयातील संग्रहाचे १९४८ च्या एप्रिलमध्ये ६० आणि ४० टक्के असे भाग झाले आणि पूर्व पंजाबच्या वाट्याला आलेली गांधार शिल्पे आज चंडीगडच्या शासकीय संग्रहालयात आहेत. मोहेंजोदडोचा पेच याहून अवघड होता, कारण स्थळ पाकिस्तानात आणि वस्तू दिल्लीत अशी स्थिती होती. अखेर समसमान वाटणीवर तडजोड झाली. नर्तकी भारताकडे राहिली. शंखजिऱ्याच्या दगडात कोरलेली, अंगावर तिपानी नक्षीची शाल पांघरलेली तथाकथित ‘पुरोहित राजा’ची अर्धमूर्ती आज पाकिस्तानची आहे आणि तिचे घर कराचीचे राष्ट्रीय संग्रहालय हे आहे. ती १९२५-२६ च्या हंगामात काशिनाथ नारायण दीक्षित यांच्या देखरेखीखालील खोदकामात मिळाली होती. दीक्षित मूळचे पंढरपूरचे आणि व्हीलर यांच्या आधी तेच सर्वेक्षणाचे महासंचालक होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

या वाटणीचा खरा पुरावा मात्र नर्तकीत नसून त्याच दालनातील दागिन्यांत आहे, असे माझे मत आहे. मोहेंजोदडोत सापडलेला हिरवट दगडाचे मणी आणि सोन्याच्या चकत्या असलेला एक हार, तसेच कार्नेलियन या तांबूस दगडाच्या लांब मण्यांचा एक कमरपट्टा, हे दोन्ही दागिने समान वाटा व्हावा म्हणून अक्षरशः निम्मे निम्मे केले गेले. अर्धे मणी दिल्लीत, अर्धे पाकिस्तानात. दालनात उभे राहून पाहताना तो हार पूर्ण वाटतो, कारण उरलेले मणी नीट ओवून मांडलेले आहेत. या निर्णयाबद्दल हळहळ वाटते हे खरे, पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: मूळचा दोरा केव्हाच कुजून गेलेला होता, त्यामुळे मणी तुटले नाहीत, त्यांचा संच तुटला. अभ्यासकाच्या दृष्टीने नुकसान नेमके तेच आहे. कमरपट्ट्याच्या लांब मण्यांना दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्यभागी गाठावे लागे, आणि त्या काळच्या दगडी गिरमिटाने हे काम तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर पुढे सरके, असे प्रयोगांवरून दिसले आहे. म्हणजे एकेका मण्यामागे काही दिवसांची मेहनत आहे, आणि असे कितीतरी मणी एका कमरपट्ट्यात एकत्र येणे हीच त्याच्या मालकाच्या ऐपतीची खूण होती. अर्धा पट्टा ती खूण अर्धीच सांगतो.

आता मूर्तीकडे येतो. पाठ्यपुस्तकातील छायाचित्रामुळे ती मोठी असेल अशी समजूत होते आणि कित्येक जण तिच्यासमोरून न थांबता पुढे जातात. प्रत्यक्षात तिची उंची फक्त १०.५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीएवढी आहे. उजवा हात कमरेवर टेकलेला आहे आणि त्यात चारच बांगड्या आहेत. डावा हात मात्र मनगटापासून जवळजवळ खांद्यापर्यंत चुड्याने भरलेला आहे. गळ्यातील माळेला तीन पदके आहेत, केस मागे बांधलेले आहेत आणि पावले तुटलेली आहेत. आधी मेणाची प्रतिमा घडवायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ती घडवण्याची रीत होती. या रीतीत मेण आणि साचा दोन्ही नष्ट होतात, म्हणून तंतोतंत तशी दुसरी मूर्ती त्या साच्यातून निघू शकत नाही.

उत्खननात मिळालेली वस्तू जिथे मिळाली तिथेच राहते असेही नाही, आणि त्यासाठी फाळणीच व्हावी लागते असेही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये भरीव काशाच्या चार वस्तू मिळाल्या. त्यांपैकी हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, तर बैल जुंपलेला रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एकाच ठिकाणचा हा संच आपण आपल्याच देशात दोन शहरांत ठेवला आहे. तो एकत्र दाखवला जावा असे मला मनापासून वाटते.

राहिला परत देण्याचा प्रश्न. २०१६ मध्ये लाहोरच्या एका वकिलाने तिथल्या उच्च न्यायालयात नर्तकी परत आणावी म्हणून अर्ज केला होता आणि त्यावरून दोन्हीकडे बरीच चर्चा झाली. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार पूर्वलक्षी नाही. शिवाय ही मूर्ती चोरीने वा तस्करीने सीमा ओलांडून आलेली नाही, तर सीमा तिच्यानंतर आखली गेली. त्यामुळे कायद्याच्या आधारावर भारताला ती द्यावी लागेल असे मला दिसत नाही. दोन्ही सरकारांनी आपखुशीने काही काळासाठी दोन्ही अर्धे हार एका प्रदर्शनात शेजारी मांडायचे ठरवले, तर त्याला कायद्याची आडकाठी नाही. अडचण आहे ती राजकारणाची.