हॉल ऑफ फेमसाठी कुणाची बाजू मांडायची तर कशी

‘इतके अल्बम विकले गेले, मैफिली अजून भरतात, तरी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये आमच्या बँडचं नाव का नाही?’ असा प्रश्न आला आहे. रॉक संगीतातल्या मोठ्या कलाकारांचा सन्मान करणाऱ्या या अमेरिकी संस्थेत दरवर्षी मतदानाने नावं निवडली जातात, पण प्रश्नात विक्रीवर जितका भर आहे, तितका हे मतदार देत नाहीत. मोजता येईल अशी अट एकच: पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण प्रकाशित होऊन २५ वर्षं झालेली हवीत. बँड कधी स्थापन झाला किंवा गाजलेला अल्बम कधी आला याला इथे महत्त्व नाही, तेव्हा वाद घालण्याआधी ही तारीख तपासा. पुढचं सगळं मतदारांच्या कानांवर आणि जाणकारीवर.

आता प्रभावाबद्दल, कारण खरी लढाई तिथेच जिंकली जाते. ‘त्यांचा प्रभाव प्रचंड होता’ हे वाक्य प्रत्येक उमेदवाराबद्दल लिहिलं जातं, त्यामुळे त्याला वजन उरलेलं नाही. कुठल्या गाण्यातली कुठली गोष्ट कुणी उचलली ते दाखवा. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ची धून १९८२ साली हिप-हॉप डीजे आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये ऐकू येते, आणि तिथून इलेक्ट्रॉनिक ताल हिप-हॉपमध्ये शिरतो. शीक या डिस्को बँडच्या १९७९च्या ‘गुड टाइम्स’मधली बर्नार्ड एडवर्ड्सची बेस गिटारची ओळ त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ या रॅप गाण्याचा पाया बनली. १९८०च्या क्वीनच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मध्येही तिची सावली आहे. डिस्कोतली एकच ओळ रॅप आणि रॉक अशा दोन्हीकडे पोचली. दोन गाणी लागोपाठ ऐकवून सिद्ध होणारा असा मुद्दा खोडायला कठीण जातं.

‘पण हे रॉक नाही’ हा आक्षेप येणारच. त्याला उत्तर पहिल्याच यादीत आहे. १९८६ मध्ये एल्विस प्रेस्ली आणि चक बेरी यांच्याबरोबर जेम्स ब्राऊन, रे चार्ल्स, सॅम कुक होते, आणि रॉकवर प्रभाव टाकणाऱ्या पूर्वसूरींच्या वर्गात कंट्री गाणारे जिमी रॉजर्स. या संस्थेने शैलीचं कुंपण पहिल्या दिवसापासून घातलेलं नाही, त्यामुळे रॅपर किंवा पॉप गायिकेला त्या कारणावरून नाकारणं मला तरी पटत नाही.

इतकं करूनही नाव अडतं, कारण मतपत्रिका. आधी छोटी नामांकन समिती साधारण १५ नावं काढते, मग हजाराहून जास्त मतदार त्यांतून मोजकीच निवडतात. २०२० मध्ये प्रत्येकाला पाच नावं निवडता येत होती आणि यादीत जुडास प्रीस्ट, मोटरहेड, थिन लिझी, साउंडगार्डन हे चार बँड एकदम होते. त्यांतलं एकही आलं नाही. जड गिटारचं संगीत आवडणारा मतदार चौघांत वाटला गेला, असं माझं मत. त्यामुळे समितीवर दबाव आणायचा तर एका वर्षी एकाच नावासाठी आणा, आवडत्या शैलीतली चार नावं एकदम पुढे करू नका. चाहत्यांच्या मतदानावरही विसंबू नका. त्यातली आघाडीची नावं मिळून फक्त एक मतपत्रिका धरली जाते. त्याच वर्षी डेव्ह मॅथ्यूज बँड चाहत्यांच्या मतांत पहिला होता, तरी त्याचा समावेश व्हायला २०२४ उजाडलं.

मतदानाला वळसा घालणारी वाटही आहे. ‘म्युझिकल एक्सलन्स’ (संगीतातली असामान्य कामगिरी) किंवा पूर्वसूरींच्या वर्गात विशेष समिती थेट निवड करते. जुडास प्रीस्ट २०२२ मध्ये तसेच आले, क्राफ्टवर्क सहा नामांकनांनंतर २०२१ मध्ये. सन्मान खरा असतो, पण या वाटेने कधीकधी मोठा अन्याय होतो. शीकला अकरा वेळा नामांकन मिळालं, बँड एकदाही निवडला गेला नाही. २०१७ मध्ये त्यांचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांना एकट्यालाच म्युझिकल एक्सलन्सखाली घेतलं. ज्याची बेसची ओळ आपण वर दाखवली तो एडवर्ड्स आणि ड्रमवरचा टोनी थॉम्पसन बाहेरच राहिले. बँडची बाजू मांडताना म्हणूनच मतदानाने निवड होणाऱ्या ‘परफॉर्मर’ वर्गाचाच आग्रह धरा.

सदस्यांच्या यादीकडेही लक्ष द्या, कारण कुणाला धरायचं ते संस्था ठरवते. १९९४ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडचे बारा जण घेतले, त्यात गीतकार रॉबर्ट हंटरही होते. २०१४ मध्ये ‘किस’ या बँडचे मात्र फक्त मूळ चौघे. ज्या बँडमधून लोक येत-जात राहिले, तिथे कुठल्या अल्बमवर कोण वाजवतं याचा तक्ता नामांकनाआधीच तयार ठेवा. यादी जाहीर झाल्यावर ती बदलून घेणं जवळपास अशक्य असतं.