तापीकाठी बसून समुद्राची चौकशी

प्रश्न: मी यावलकडचा केळीवाला. कोकणात समुद्र आत येतोय, किनारा खचतोय असं सारखं वाचतो. सरकारने सरळ भिंत बांधून टाकावी ना, यात राजकारण कुठून आलं? आणि भाचा अलिबागकडे किनाऱ्याजवळ प्लॉट घ्यायचा म्हणतोय, घेऊ द्यावा का?

उत्तर: भाऊ, भिंत बांधता येते हो, पण कोणाच्या दारासमोर बांधायची, राजकारण तिथूनच सुरू होतं. दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला की त्याच्यामागचं वाचतं, पण शेजारच्या उघड्या किनाऱ्याची वाळू जास्त जोरात जाते, मग ते गावही बंधारा मागतं आणि ज्याचा आमदार वजनदार त्याचा नंबर आधी लागतो. त्यात दगडांवरून होडी वर ओढता येत नाही, आणि कोळणी जिथे मासळी वाळवायच्या ती वाळूच दगडाखाली गेलेली. त्या वाळूचा सातबारा त्यांच्या नावावर थोडाच असतो? मग भरपाईच्या यादीत नाव कसं येणार.

हे आपल्या नंदुरबारवाल्यांना वेगळं सांगायला नको. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारे कागदावर अतिक्रमणदार निघाले.

कागद असला तरी सगळं सुरळीत होतं असंही नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. मदत जाहीर झाली हेक्टरी, आणि तिथे वाड्या मोजतात गुंठ्यात! ओरड झाली तेव्हा कुठे झाडामागे दर ठरला, सुपारीला 50 रुपये, नारळाला 250. तुमची केळी वादळात गेली तर पुढच्या लागवडीला वर्ष-दीड वर्षात घड हातात येतो, सुपारीला नुसतं धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात.

आता प्लॉटचं. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे किनाऱ्यालगत काय बांधता येतं ते ठरवणाऱ्या) नियमांनी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर (चौरस किलोमीटरला 2161 च्या वर लोकसंख्या) बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. हा बदल कोणाला हवा होता ते मी सांगायला नको, एजंट लोक भाच्याला सांगतीलच. नुसता सातबारा बघून भागणार नाही, सीआरझेडच्या नकाशात तो गट नंबर कुठे पडतो ते आधी बघायला लावा, आणि टोकन द्यायच्या आधी जुलैच्या अमावास्येला, उधाणाच्या भरतीच्या वेळी, प्लॉटवर जाऊन उभं राहायला सांगा.